उद्याचा पारा कोणासाठी?



मे महिन्यात रविवारची मिस्सा संपल्यावर आपल्या चर्चच्या आवारातील कडुलिंबाखाली कोणत्या विषयावर बोलणे चालते हे सांगायला नको. केळापूर-पांढरकवड्याच्या माणसाला उन्हाचा अंदाज वर्तमानपत्रातून घ्यावा लागत नाही. सकाळी नऊ वाजता हातपंपाच्या दांड्याला हात लावला की दिवस कसा जाणार ते कळते. तरीही आपण एकमेकांना विचारतोच, "काल किती होता?" आणि कोणीतरी छातीठोकपणे सांगतोच, "आज पंचेचाळीस पार करते, पाहा."

अशाच एका रविवारी आपल्या धर्मग्रामातील एका तरुणाने आम्हाला बाजूला घेतले. तो शिक्षणासाठी अमेरिकेत आहे आणि सुट्टीत घरी आला होता. त्याने विचारले, "फादर, उद्याचं तापमान ओळखून पैसे लावले तर ते पाप होते का?"

हे बोलणे प्रायश्चित्त संस्कारातले नव्हते, झाडाखालचे होते. त्याच्या संमतीनेच आम्ही ते येथे लिहीत आहोत. ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत.

प्रथम तो काय करत होता ते समजून घेऊ. अमेरिकेत असे बाजार निघाले आहेत, जेथे भविष्यातल्या घटनेवर पैसे लावता येतात. अशा एका कंपनीला तेथील सरकारी नियामकाने २०२० मध्ये मान्यता दिली. निवडणूक, व्याजदर यांच्याबरोबर रोजच्या हवामानावरही तेथे सौदे होतात. प्रश्न अगदी साधा असतो : उद्या मायामी शहराचे कमाल तापमान ८९ ते ९० अंश फॅरनहाइट राहील काय? समजा 'हो' या उत्तराची किंमत ४० सेंट आहे. उत्तर खरे निघाले तर एक डॉलर मिळतो, खोटे निघाले तर ४० सेंट जातात. समोर कोणीतरी 'नाही' म्हणून ६० सेंट लावलेले असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या त्या दिवसाच्या अहवालात जो आकडा येईल तो निकाल.

९० अंश फॅरनहाइट म्हणजे आपले सुमारे ३२ अंश सेल्सिअस. हे ऐकून झाडाखालचे दोघे-तिघे हसले. आपल्याकडे मे महिन्यात एवढे तापमान सकाळच्या चहालाच असते! पण त्या तरुणाने समजावून सांगितले ते ऐकण्यासारखे होते. समुद्रकाठच्या उष्ण शहरात उन्हाळ्यातले कमाल तापमान रोज फारसे हलत नाही. फरक एक-दोन अंशांचा असतो, आणि त्याच एका अंशावर सगळा खेळ असतो. समुद्रावरचा वारा आज अकराला आत येणार की दोनला? दुपारचे ढग आधी जमतील की पारा चढून गेल्यावर? कालच्या पावसाने जमीन ओली आहे का? हा मुलगा संगणकावरची हवामानाची प्रारूपे पाहतो, विमानतळावरच्या तासातासाच्या नोंदी वाचतो आणि मगच पैसे लावतो. बहुतेक वेळा तो जिंकतो.

त्याने आपली बाजू तीन मुद्द्यांत मांडली. पहिला, हे नशीब नाही, अभ्यास आहे. दुसरा, समोरचा माणूस राजीखुशीने खेळतो, त्याला कोणी फसवलेले नाही आणि आपण पैसे लावल्याने सूर्य काही जास्त तापत नाही. तिसरा मुद्दा सांगताना तो क्षणभर थांबला. "फादर, बाबा दरवर्षी उसने पैसे काढून बियाणे मातीत टाकतात. मृगाचा पाऊस येईल या भरवशावर. नाही आला तर दुबार पेरणी. तो सट्टा नाही, आणि माझा तेवढा सट्टा?" मग हळूच म्हणाला, "यंदा बियाण्याला मी जे पैसे दिले ना, ते त्यातलेच आहेत. बाबांना माहीत नाही."

आम्ही त्याला लगेच उत्तर दिले, "अरे, जुगार तो जुगारच." तो गप्प झाला. पण पटल्यावर माणूस गप्प होतो तसे ते गप्प होणे नव्हते. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो. प्रश्नाला उत्तर द्यायचे, शिक्का मारायचा नाही, हेच तेथे पहिल्या वर्षी शिकवतात. आम्ही मात्र शिक्का मारून मोकळे झालो होतो. म्हणून हा लेख.

हा प्रश्न अमेरिकेतून आला असला तरी आपल्या मातीला परका नाही. आपल्या राज्यात जुगारावरचा जो जुना कायदा आहे, १८८७ चा, त्यातली जुगारअड्ड्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. कापसाच्या बाजारभावावर किंवा त्या भावातल्या आकड्यांवर पैज लावणे, पाऊस पडेल की नाही यावर पैज लावणे, किती पडेल यावर लावणे, इतकेच नव्हे तर अन्य एखाद्या नैसर्गिक घटनेवर लावणे, हे सर्व त्या व्याख्येत नावानिशी आले आहे. कापूस आणि पाऊस! केळापूर तालुक्याचे सगळे आयुष्य ज्या दोन गोष्टींवर उभे आहे, नेमक्या त्याच दोन गोष्टी या कायद्यात जुगाराच्या वस्तू म्हणून लिहिल्या गेल्या. कोलकात्यात तर पावसावरचा सट्टा इतका वाढला, की १८९७ मध्ये बंगाल सरकारला केवळ त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

आपण ज्याला वरली-मटका म्हणतो त्याचे मूळही कापसातच आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव किती उघडला आणि किती बंद झाला हे तारेने मुंबईला कळत असे, आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावत. १९६० च्या दशकात तिकडून आकडे येणे थांबले. तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते काढून आकडा ठरवण्यात येऊ लागला. कापूस गेला, आकडा राहिला. ज्यांनी आकडा लावला त्यांना कापूस कसा पिकतो याची गरज कधीच नव्हती. हे वाक्य आपण लक्षात ठेवू, पुढे ते लागणार आहे.

आज कायदा काय म्हणतो? ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, त्या कायद्याने फरक केला नाही. पण 'कायद्याने बंद आहे का' आणि 'मुळात चूक आहे का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तरुणाने दुसरा प्रश्न विचारला होता.

आपली ख्रिस्तसभा याबाबत किती सावधपणे बोलते हे अनेकांना माहीत नसते. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातील २४१३ व्या परिच्छेदाचा आशय असा, की नशिबाचे खेळ किंवा पैजा या स्वतःहून न्यायाच्या विरुद्ध नाहीत. मात्र माणसाच्या स्वतःच्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला की त्या अनैतिक ठरतात. म्हणजे आमचे 'जुगार तो जुगारच' हे उत्तर ख्रिस्तसभेच्या शिकवणीपेक्षाही घाईचे होते. संत थॉमस अक्विनास यांनीही जुगारात मिळालेल्या पैशाचा दानधर्म करावा का, हा प्रश्न घेतला आहे. ते सरसकट निवाडा देत नाहीत. ज्याला स्वतःचा पैसा देऊन टाकण्याचा अधिकारच नाही, जसे लहान मूल, त्याच्याकडून जिंकलेत का? लोभाने कोणाला खेळात ओढलेत का? फसवून जिंकलेत का? तसे असेल तर पैसा परत करावा लागतो, असे ते सांगतात.

या कसोटीवर त्या तरुणाची दुसरी बाजू बरीचशी टिकते. समोरचा प्रौढ आहे, स्वतःहून आला आहे, खोटे कोणी बोललेले नाही. अभ्यासाचा मुद्दाही खोटा नाही. १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा या दोघा फ्रेंच विद्वानांनी अर्धवट राहिलेल्या जुगाराच्या डावातले पैसे कसे वाटावेत यावर पत्रव्यवहार केला, आणि त्यातून संभाव्यतेचे गणित उभे राहिले. पास्काल श्रद्धावान कॅथलिक होते. आजचा विमा आणि आजचे हवामानशास्त्र या गणिताशिवाय चालत नाही. तेव्हा आकडेमोड करणारे डोके हे देवाचे दान आहे, पाप नव्हे.

आता तिसरा मुद्दा, बापाच्या पेरणीचा. तो सर्वात जड आहे. शेती म्हणजे मान्सूनवरचा जुगार, असे आपण सहज बोलून जातो. यवतमाळ जिल्ह्यात हे वाक्य सहज बोलू नये. या जुगारात हरलेल्यांच्या घरी आम्ही बसलो आहोत. २००६ मध्ये त्या वेळचे पंतप्रधान विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले, ते याच दुःखामुळे. तरीही आमचे म्हणणे असे, की पेरणी हा सट्टा नाही.

शेतकरी धोका निर्माण करत नाही. धोका आधीपासून आहे. पावसाची अनिश्चितता त्याने मागून घेतलेली नाही. खायचे असेल, जगायचे असेल तर कोणीतरी ती अंगावर घ्यावीच लागते, ती तो घेतो. आणि तो जिंकला तर कोण हरते? कोणीच नाही. काल जे बोंड जगात नव्हते ते आज आहे. त्याची जीत ही जगात पडलेली भर आहे. मायामीच्या सौद्यात असे काही घडत नाही. तेथे धोका नव्हताच, दोघांनी मिळून तो तयार केला. तापमान ८९ राहिले काय आणि ९१ झाले काय, त्या दोघांचे काही बिघडणार नव्हते. दिवस मावळल्यावर एकाचे ६० सेंट दुसऱ्याच्या खिशात गेले. जगात कापसाचा एक तंतूही वाढला नाही.

"मग विमा?" असे कोणी विचारील, आणि विचारावेच. संत्र्यासारख्या फळपिकांसाठी आपल्या राज्यात हवामानावर आधारित विमा योजना आहे. पाऊस, तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, तसा आकडा हवामान केंद्रावर नोंदला गेला, की भरपाई देय होते. आपल्या राज्यात महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी आहेत. तेथेही आकड्यावर पैसे ठरतात! वरवर पाहता दोन्ही सारखेच. पण विमा घेणारा शेतकरी पारा चढावा अशी इच्छा करत नाही. पारा चढला तर त्याची बाग जळणार आहे. विमा त्याच्या जखमेवर पट्टी बांधतो. अमेरिकेतच १९९९ पासून हवामानाचे वायदे मोठ्या बाजारात चालतात, आणि वीज कंपन्या ते वापरतात, कारण हवा बदलली की त्यांचा धंदा खरोखर हलतो. म्हणजे पैसा आणि अनिश्चितता एकत्र आली की पाप झाले, असे नव्हे. प्रश्न असा, की ज्या घटनेवर पैसे लावले तिच्याशी माझे खरे नाते काय आहे?

येथे आम्हाला स्वतःबद्दल थोडे सांगितले पाहिजे. या प्रश्नावर विचार चालू असतानाच आमच्या निवासावर युवक मंडळाच्या मुलांनी एक खेळ काढला. उद्या यवतमाळचा पारा किती चढेल ते प्रत्येकाने कागदावर लिहायचे, आणि ज्याचा अंदाज सर्वात जवळचा त्याला इतरांनी कुल्फी द्यायची. आम्हीही लिहिले, ४५. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन लागून ग्रामीण रुग्णालयात दाखल झालेल्या एका आजींना भेटून आलो. सलाईन चालू होते, ओठ सुकले होते, पण त्या बोलत होत्या. संध्याकाळी मुलांनी फोनवर आकडा पाहून सांगितला, ४३.८. आणि आमच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी : अरेरे, हुकले.

बंधू-भगिनींनो, तासाभरापूर्वी आम्ही त्या आजींचा हात हातात धरला होता, आणि आता ऊन कमी पडले म्हणून आम्हाला वाईट वाटत होते. एका कुल्फीसाठी! आमच्या इच्छेने पारा वाढणार नव्हता हे खरे. त्या तरुणाने हेच सांगितले होते की सूर्य काही जास्त तापत नाही. पण सूर्य बदलला नाही तरी आम्ही बदललो होतो. आकडा दिसत होता, आजी दिसत नव्हत्या. कापूस न पाहता कापसाचा आकडा लावणाऱ्यांच्या रांगेत आम्ही कधी उभे राहिलो ते आम्हालाच कळले नाही.

आकडा माणसाला झाकतो तसा तो सत्यालाही झाकू शकतो. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाली आणि देशभर खळबळ उडाली. तपासणीनंतर हवामान विभागाने सांगितले की तेथील यंत्र सुमारे तीन अंश जास्त दाखवत होते. दुसऱ्याच दिवशी नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले. खापरीच्या केंद्रावर मात्र पारा ४४ च्या आसपास होता. तो ५६ चा आकडाही यंत्रातील बिघाडामुळे आल्याचे विभागाने स्पष्ट केले. यंत्र आहे, चुकते. चूक शोधून सांगितली हे चांगलेच झाले. पण क्षणभर कल्पना करा की त्या ५६ वर कोणाचे पैसे लागले होते. तो काय इच्छील? यंत्राची चूक कोणाच्या लक्षात येऊ नये हीच. संत थॉमस सत्याची जी व्याख्या स्वीकारतात तिचा अर्थ असा, की आपली बुद्धी आणि प्रत्यक्ष वस्तू यांचा मेळ म्हणजे सत्य. पैसे लावणाऱ्याला वस्तूशी मेळ नको असतो, फलकावर लागलेल्या आकड्याशी हवा असतो.

आणि तो आकडा तरी कोणाच्या उन्हाचा? हवामान केंद्रावरचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीत ठेवलेला असतो. शास्त्राला ते आवश्यकच आहे. म्हणजे आपण ज्याला ४५ अंश म्हणतो तो सावलीतला पारा. महामार्गावर डांबर टाकणाऱ्या मजुराचा, वावरात काडीकचरा वेचणाऱ्या बाईचा पारा कोणत्याच फलकावर नसतो.

आता आम्ही त्या मुद्द्याकडे येतो जो आम्हाला सर्वात शेवटी सुचला आणि सर्वात महत्त्वाचा वाटतो.

उद्याच्या हवामानाचे भाकीत करणे हे काम ख्रिस्तसभेला परके नाही. १८६७ मध्ये कोलकात्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील येशूसंघीय फादर युजीन लाफों यांनी कॉलेजच्या गच्चीवर साधी वेधशाळा मांडली आणि रोज नोंदी घेऊ लागले. त्याच वर्षी मोठे चक्रीवादळ येत असल्याचे त्यांनी ओळखले आणि अधिकाऱ्यांना ताबडतोब कळवले. अनेकांचे प्राण वाचले. क्युबा बेटावरच्या हवाना शहरात, तेही उष्ण कटिबंधातलेच, फादर बेनितो विन्येस यांनी १८७५ मध्ये वादळाचा इशारा आधी दिला. या धर्मगुरूंचे काम आणि आपल्या तरुणाचे काम वरून सारखेच आहे : नोंदी पाहा, वारा पाहा, उद्याचे सांगा. मग फरक कोठे?

फरक 'सांगा' या शब्दात आहे. फादर लाफों यांचे ज्ञान जितक्या लोकांना कळेल तितके मोलाचे होत होते. एका कोळ्याला कळले तर एक होडी वाचेल, शंभरांना कळले तर शंभर. पैजेतल्या भाकिताचे उलटे आहे. मायामीत समुद्रावरचा वारा आज उशिरा येणार हे त्या तरुणाला कळले, तर ते दुसऱ्या कोणाला कळेपर्यंतच त्याची किंमत. सर्वांना कळले की भाव बदलला, नफा संपला. काही लोक म्हणतात की अशा बाजारातल्या भावांवरूनच चांगला अंदाज कळतो, आणि पैसे लावलेला माणूस उगाच काहीतरी बोलत नाही. त्यात तथ्य असेल. पण त्यात खेळणाऱ्या प्रत्येकाची कमाई समोरच्याला कमी माहिती असण्यावर उभी आहे. एक ज्ञान वाटल्याने वाढते, दुसरे वाटल्याने संपते. आमच्या मते या दोन ज्ञानांमधला हा फरक नीतीचाच फरक आहे. शेजाऱ्याचे अज्ञान हे मला त्याच्याकडे जाण्याचे कारण वाटते, की माझ्या कमाईचे साधन?

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू लोकांना हवामानाबद्दलच बोलतो. पश्चिमेला ढग दिसला की पाऊस येणार हे तुम्ही ओळखता, दक्षिणेचा वारा सुटला की कडक ऊन पडणार हेही ओळखता, आणि तसेच होते, असे तो म्हणतो. त्यांचा अंदाज चुकतो असे तो म्हणत नाही. त्यांचे कौशल्य तो मान्य करतो. त्याची तक्रार वेगळी आहे : एवढे ओळखणाऱ्यांना ही वेळ कसली आहे ते कसे ओळखता येत नाही? उद्या ऊन आहे हे कळले. मग त्या उन्हात कोण उभे राहणार आहे, ते?

ही वेळ ओळखली की काय होते याचे उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यात आहे. मे २०१० च्या उन्हाच्या लाटेत अहमदाबाद शहरात नेहमीपेक्षा सुमारे तेराशे मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला : उद्याच्या तापमानाचा अंदाज आला की इशारा द्यायचा, दवाखाने तयार ठेवायचे, पाण्याची सोय करायची. पुढे नागपूरनेही असा आराखडा स्वीकारला. तोच उद्याचा कमाल तापमानाचा आकडा! एका ठिकाणी त्यावर डाव लागतो, दुसऱ्या ठिकाणी त्यावरून पाण्याचे माठ भरले जातात.

हे सगळे आम्ही त्या तरुणाला, तो परत जाण्यापूर्वी, पुन्हा त्याच झाडाखाली सांगितले. तू चोरी केली नाहीस, असे आधी सांगितले, कारण ते खरे आहे. मग म्हटले, बाबांचे तुझ्यासारखे नाही, त्यांना तो धोका पत्करावाच लागतो. तू मात्र नसलेला धोका विकत घेतोस, आणि तोही शिक्षणासाठी कर्ज काढलेले असताना. त्याने बराच वाद घातला. सगळे पटले असे तो म्हणाला नाही, आणि आम्हीही तसा आग्रह धरला नाही. एवढे मात्र सांगितले, की बियाण्याच्या पैशाचे बाबांपासून लपवू नकोस.

त्याने त्या रात्री वडिलांना सांगितले. वडील रागावले नाहीत. त्यांनी एकच विचारले, "पोरा, हरला असता तं मले सांगतलं असतं का?"

आमच्या सर्व तत्त्वज्ञानापेक्षा तो प्रश्न मोठा होता, असे आम्हाला त्या मुलानेच येऊन सांगितले. वडिलांची नापिकी गावाला दिसते. गेलेले पीक लपवता येत नाही, आणि म्हणूनच शेजारी धावून येऊ शकतात. फोनवरची हार कोणालाच दिसत नाही. त्या पैशाचे काय करायचे ते बापलेक ठरवतील, त्यात आम्ही पडलो नाही.

आता आपल्या धर्मग्रामासाठी एक व्यवस्था. चर्चच्या पडवीत एक फळा लावला आहे. मार्च ते जून या काळात हवामान विभागाचा दुसऱ्या दिवसाचा अंदाज रोज संध्याकाळी त्यावर लिहिला जाईल. कमाल तापमान किती, रात्री उकाडा राहणार का, कोणत्या वेळेत उन्हात काम टाळावे, एवढेच. तो तरुण परत गेला आहे, पण अंदाज कसा वाचायचा हे त्याने युवक मंडळाच्या मुलांना शिकवले आहे, आणि शंका आली की ती मुले त्याला फोन करतात. जे वृद्ध एकटे राहतात त्यांची घरे मुलांनी वाटून घेतली आहेत. फळ्यावरचा आकडा ४४ च्या वर गेला की दुपारी त्या घरी एक चक्कर. ज्यांच्या घरी जादा माठ किंवा रांजण असेल त्यांनी तो पडवीत आणून द्यावा.

कुल्फीचा खेळ आम्ही बंद केलेला नाही, मुले आहेत. फक्त नियम बदलला आहे. ज्याचा अंदाज सर्वात जवळचा ठरेल, त्याने दुसऱ्या दिवशी पहिली चक्कर मारायची. आमचा अंदाज अजून एकदाही जवळचा ठरलेला नाही. तरी परवा दुपारी आम्ही त्या आजींकडे जाऊन आलो. त्या बऱ्या आहेत. त्यांनीच आम्हाला विचारले, "फादर, उद्या किती जाईन पारा?"

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू